बांडीची दगडी आणि रक्तवाढीचं इंजेक्शन: कृष्णाकाठच्या एका गोठ्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

केस सांगली जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या एका गावातली. गाव किंवा घर ओळखू येईल असं काही टाकलेलं नाही, गाईंची नावंपण बदललीत. मी या पट्ट्यात जनावरांची खाजगी प्रॅक्टिस करतो, दगडीच्या, म्हणजे कास सुजायच्या रोगाच्या, केसेस आमच्याकडे बाराही महिने असतात, पावसाळ्यात जरा जास्तच. पण ही लिहून काढायचं कारण वेगळं आहे. यात पहिल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचं लक्ष एका लोहाच्या इंजेक्शनवर अडकलं होतं, ते द्यायचं का नाही, आणि नंतर ते दिल्यामुळेच झालं का, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला कासेत लोहाचं नेमकं काय चालतं ते नीट समजून घ्यावं लागतं.

गोठा मध्यम. दुभत्या नऊ, बाकी कालवडी आणि दोन गाभण, जवळजवळ सगळ्या एचएफ संकरित. आबा हिशोब बघतात, धारा काकी आणि सूनबाई काढतात, थोरला मुलगा ऊस आणि डेअरीला दूध घालायचं बघतो. चाऱ्याला मुरघास, वाढं, हत्तीघास, वर गोळी पेंड आणि सरकी. मिल्किंग मशीन आहे पण नुकत्याच व्यालेल्या गाईला काकी पहिले काही दिवस हातानंच पिळतात. एरवी गोठा स्वच्छ, मुरमाची जमीन, उतार व्यवस्थित. हे आधीच सांगतोय कारण दगडी झाली की लोक पहिल्यांदा काकींकडे बघतात आणि इथं ते चुकीचं होतं.

बांडी म्हणजे त्यांची तिसऱ्या वेताची गाय, मागच्या वेतात दिवसाला जास्तीत जास्त २४ लिटर दिलेली. व्यायच्या साधारण पाच आठवडे आधी तिला गोचीड ताप आला. ताप १०६ च्या आसपास, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, रक्ताच्या काचेवर थायलेरिया, म्हणजे या तापाचा परजीवी, दिसला, ब्युपार्वाकोन दिलं आणि ताप उतरला. पण गाय पांढरी पडली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर गुलाबी रंग जवळजवळ नाहीच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.२ आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, १९ टक्के. गाईचं हिमोग्लोबिन साधारण ८ ते १५ आणि पीसीव्ही २४ च्या वर असायला पाहिजे, म्हणजे कमी होतंच, पण रक्त चढवायची वेळ आली नव्हती.

मग मेडिकलमधून सल्ला आला की रक्तवाढीच्या इंजेक्शनांचा कोर्स करा, आठवड्याला एक. पहिलं गावातल्याच एकानं टोचलं. दुसरं आणून फ्रीजच्या दारात ठेवलं होतं (ते फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं हा वेगळा विषय) तेवढ्यात पाऊस लागला.

पाऊस म्हणजे काय हे इकडच्यांना सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या माणसाला धीरच राहिलेला नाही, सांगलीत आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी लोक तासातासाला मोबाईलवर बघत असतात आणि आकडा वाढायला लागला की जनावरं सोडून उंचावर न्यायची. आबांनीपण तेच केलं, अगदी बरोबर केलं. सगळी जनावरं पाहुण्यांच्या शेडात नेली. तिथं जागा कमी, जमीन ओली, म्हणून खाली उसाचं पाचट आणि सॉ मिलचा भुसा टाकला. तेच पाचट आणि तोच भुसा पाच-सहा दिवस तसाच, वर शेण-मूत, वरून गळती. दोन गाभण गाई, बांडी आणि चांदी, सगळ्यात आतल्या बाजूला, कारण तिथं गळत नव्हतं, पण हवापण नव्हती. दोघी तिथंच व्याल्या. पाणी काही गावात शिरलं नाही, आठवड्याभरानं सगळी परत घरच्या गोठ्यात आली.

काय झालं

बांडी व्याल्यानंतर सहाव्या दिवशी पहाटे काकी धार काढायला बसल्या तर मागचा उजवा सड हाताला कडक आणि गरम लागला. रात्रीच्या धारेला काही नव्हतं असं त्या ठामपणे सांगत होत्या आणि मला ते पटलं, कारण या जातीची दगडी अशीच येते, रात्री ठीक आणि सकाळी कास दगडासारखी. सडातून दूध नव्हतंच, पिवळसर पाणी आणि त्यात कण्या, ताक फुटल्यावर वर येतं तसलं. मी पोचलो तेव्हा ताप १०५, गव्हाणीतला चारा तसाच, रवंथ बंद, कान गार, डोळे खोल गेलेले, उठवली तर उठायची पण पाय लटपटत होते.

थोरल्यानं पहिलं काय विचारलं असेल तर, "डॉक्टर, रक्त कमी हाय म्हणूनच धरलं न्हवं हे? ते दुसरं इंजेक्शन घरातच हाय, तेवढं आधी मारून घ्या की."

प्रश्न चुकीचा नव्हता. गाय पांढरी आहे, अशक्त आहे, अशक्त जनावराला रोग पटकन धरतो, मग ताकदीचं काहीतरी द्या, हे कुणालाही वाटेल. पण नेमकं त्याच वेळी ते द्यायचं नसतं.

लोहाचं आतलं गणित

इथं थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

जवळजवळ सगळ्या जंतूंना वाढायला लोह लागतं. आणि जनावराच्या अंगात मोकळं लोह जवळजवळ नसतंच, जे असतं ते प्रथिनांनी धरून ठेवलेलं, रक्तात ट्रान्सफेरिनकडे, पेशींत फेरिटिनमध्ये, तांबड्या पेशींत हिमोग्लोबिनमध्ये आणि दुधात लॅक्टोफेरिनकडे. लॅक्टोफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन अणू धरतो आणि सहजासहजी सोडत नाही. म्हणजे जंतू कासेत शिरला तरी त्याला लोह ओढून घ्यायची काहीतरी सोय लागते, ती नसेल तर तो तिथं उपाशीच राहतो.

आता गंमत अशी की गाय आटलेली असते तेव्हा कासेत लॅक्टोफेरिन भरपूर असतं, पूर्ण आटलेल्या कासेत मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत जातं. दुधावर असताना तेच ०.१ ते ०.३ च्या घरात. उलट सायट्रेट नावाचा घटक आटलेल्या कासेत कमी आणि व्यायच्या सुमारास, दूध तयार व्हायला लागलं की एकदम वर, लिटरला दीड-दोन ग्रॅम. हे सायट्रेटपण लोह धरतं पण ढिलं धरतं. सायट्रेट जास्त आणि लॅक्टोफेरिन कमी असं झालं की दुधातलं थोडं लोह सायट्रेटच्या जोडीनं फिरत राहतं. आणि हे नेमकं कधी होतं, तर व्यायच्या आधीच्या शेवटच्या दिवसांपासून पुढे. त्याच काळात गाईची स्वतःची प्रतिकारशक्तीपण खाली गेलेली असते, आणि आमच्याकडे कोलायची, म्हणजे शेणातल्या ई. कोलाय जंतूची, दगडी व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जास्त दिसते त्याचं एक मोठं कारण हे आहे.

ई. कोलायकडे लोह ओढायच्या बऱ्याच वाटा आहेत. तो एंटेरोबॅक्टिनसारखी रसायनं बाहेर सोडतो, ती लोह पकडतात आणि हा ती परत आत ओढून घेतो, अशा रसायनांना सिडेरोफोर म्हणतात. पण गाईपण काही कमी नाही, तिच्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन नावाचं प्रथिन सोडतात ते एंटेरोबॅक्टिनलाच धरून निकामी करतं. मग कोलायची दुसरी वाट उपयोगी पडते, सायट्रेटला जोडलेलं लोह सरळ आत ओढायची. ती यंत्रणा ज्या जनुकांवर आहे त्या समूहाला एफईसी म्हणतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दगडीच्या केसेसमधून काढलेल्या कोलायची इतर कोलायशी तुलना केली तेव्हा ठळक फरक याच जनुकसमूहाचा निघाला, आणि तो काढून टाकलेला कोलाय दुभत्या गाईच्या सडात सोडला तर त्याला दगडी करता आली नाही. म्हणजे शेणात कोलाय कोट्यवधी असतात पण कासेत टिकून धिंगाणा घालणाऱ्यांकडे दुधातलं लोह घ्यायची ही सोय असते. विषारीपणा म्हणजे फक्त विष नाही, आधी पोट भरायची सोय पाहिजे.

सगळे जंतू एकाच वाटेनं जातात असं नाही. स्टॅफ ऑरियस, जो महिनोन्‌महिने सडात दबा धरून बसतो आणि पिळताना वरवर काही दिसत नाही, तो स्वतःचे वेगळे सिडेरोफोर बनवतो, शिवाय तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिनमधून लोह काढायची त्याची वेगळी यंत्रणा आहे. बऱ्याच जंतूंमध्ये लोह कमी पडलं की एक नियंत्रक प्रथिन ढिलं होतं आणि लोह ओढायची जनुकं आणि काही वेळा विषाची जनुकंपण एकदमच चालू होतात. म्हणजे लोहाचा दुष्काळ हा जंतूसाठी आपण जनावराच्या अंगात शिरलोय याचा इशारा असतो.

दुसरी बाजू गाईची. जंतू शिरल्याचं कळलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि रक्तातलं लोह काही तासांत खाली येतं, कुठं गेलं नाही, पेशींच्या आत तिजोरीत ठेवून कुलूप लावलं. कोलायच्या दगडीत रक्तातलं लोह असं घसरलेलं अभ्यासांमध्ये मोजलेलं आहे. त्यामुळे त्या दिवशी कुणी बांडीचं रक्तातलं लोह तपासलं असतं तर ते कमीच आलं असतं आणि रिपोर्ट बघून सगळे म्हणाले असते, बघा, सांगत होतो की नाही.

पर्याय काय काय होते

लोहाच्या बाबतीत तीन. एक, थोरला म्हणतो तसं दुसरं इंजेक्शन लगेच द्यायचं. दोन, कोर्स थांबवायचा, दगडी बरी झाली की परत चालू करायचा. तीन, कोर्स पूर्ण बंद आणि फक्त रक्त तपासत राहायचं.

पहिला पर्याय मी लगेच बाद केला. इंजेक्शनातलं लोह दुधात उतरत नाही, गाईला लोह कितीही चारलं तरी दुधातलं लोह फारसं वाढत नाही हे जुनं माहीत आहे, म्हणजे सडातल्या जंतूला त्यातून थेट खुराक मिळतो असं मी म्हणणार नाही. खरी भीती रक्ताची होती. जोरदार कोलाय दगडीत जंतू सडातच राहत नाहीत, अशा गंभीर गाईंपैकी बऱ्याच जणींच्या रक्तात जंतू सापडतात. आणि जंतू रक्तात असताना, गाईनं स्वतः लोह लपवून ठेवलेलं असताना, आपण बाहेरून सुईनं लोह ओतणं म्हणजे तिच्याच विरुद्ध जाणं. त्यात हे इंजेक्शन एकदा दिलं की परत काढता येत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात मात्र मला विचार करावा लागला. शेवटी तिसरा घेतला, त्याचं कारण रक्त कशानं कमी झालं यात आहे. थायलेरियात तांबड्या पेशी फुटतात, शरीर त्या मोडीत काढतं, पण त्यातलं लोह अंगातच राहतं. ते बाहेर जात नाही. मोठ्या गाईला चाऱ्यातून आणि चाऱ्याला चिकटलेल्या मातीतून लोह गरजेपेक्षा जास्तच मिळत असतं, नुसत्या लोहाच्या कमतरतेनं पांढरी पडलेली मोठी गाय मी क्वचितच बघितलीय. अंगावर गोचीड मोजता येणार नाहीत इतके असतील, किंवा जंतांनी रक्त पिऊन काढलं असेल, तर गोष्ट वेगळी, तिथं रक्त खरंच बाहेर गेलेलं असतं. बांडीच्या अंगावरचे गोचीड तेव्हाच काढले होते, शेण तपासलं तर जंतांची अंडी नगण्य. म्हणजे तिला लोह कमी नव्हतंच, रक्त परत तयार व्हायला वेळ आणि प्रथिनं पाहिजे होती.

आबांना हे एवढं सगळं गोठ्यात उभं राहून सांगता येत नाही. मी इतकंच म्हटलं, "आबा, लोखंड तिच्या अंगात हाय, तिनंच लपवून ठेवलंय, आत्ता आपण घालायचं न्हाई." आबा म्हणाले, "मग घालू नका, पण पोरगं ऐकंना, त्याला तुमीच सांगा." पोराला सांगायला जास्त वेळ लागला, इलाजापेक्षा जास्त म्हटलं तरी चालेल.

अँटिबायोटिकचा निर्णय वेगळा. कोलायच्या दगडीत सौम्य केस असेल तर गाय बहुतेक वेळा आपोआप जंतू साफ करते आणि सडात ट्यूब भरून फारसा फरक पडत नाही, आपण उगाच दूध फेकत बसतो. पण बांडी सौम्य नव्हती, तिला रक्तातून जाणारं औषध पाहिजेच होतं. प्रश्न फक्त हा होता की नमुना आधी घ्यायचा की इलाज आधी. लोक घाईत नमुना सोडून देतात आणि मग चौथ्या दिवशी विचारतात, आता कुठलं औषध बदलायचं. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात.

काय केलं

सड स्पिरिटनं पुसून, पहिल्या दोन धारा सोडून, निर्जंतुक ट्यूबमध्ये नमुना घेतला आणि बर्फात ठेवला. त्यानंतर शिरेतून ७.२ टक्क्यांचं हायपरटॉनिक सलाईन दोन लिटर, वजनाच्या हिशोबानं किलोला चार-पाच मिलिलिटर बसतं. ते दिलं की जनावराला तहान लागते आणि पाणी प्यायलं पाहिजे नाहीतर उपयोग नाही. बांडी थोडं स्वतः प्यायली, बाकी नळीनं पोटात सोडलं, सगळं मिळून २०-२५ लिटर. ताप-सुजेला मेलोक्सिकॅम, कातडीखाली कॅल्शियम, आणि अँटिबायोटिक म्हणून सेफ्ट्रिअक्झोन. हे शेवटचं औषध मी सहज वापरत नाही, माणसांच्या दवाखान्यातपण ते मोठं औषध आहे, पण रक्तात जंतू शिरायची शक्यता असताना हात आखडता घेऊन चालत नाही.

सड दिवसातून चार-पाच वेळा रिकामा करायला सांगितला. यानं जंतू लवकर जातात असं प्रयोगांत ठामपणे दिसलेलं नाही हे मला माहीत आहे, पण कण्या आणि साचलेलं पाणी निघालं की कास हलकी होते आणि काकींना बदल डोळ्यांनी दिसतो, म्हणून सांगतो. काकींनी कोरफड, हळद आणि चुना लावू का विचारलं. सांगलीत राहून हळदीला नाही कोण म्हणणार, आणि हा लेप एनडीडीबी म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळपण शिकवतं, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना. वरून लावा म्हटलं, फक्त धार काढायच्या आधी धुवून कोरडं करा आणि त्याच्या जोरावर बाकीचं काही थांबवू नका.

आणि दूध डेअरीला घालायचं नाही, चारही सडांचं. हे सांगितल्यावर गोठ्यात जी शांतता होते ती प्रत्येक केसला सारखीच असते.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, ई. कोलाय, अँपिसिलिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिनला दाद न देणारा, सेफ्ट्रिअक्झोन आणि जेंटामायसिनला देणारा. त्यात एफईसी आहे का नाही हे कुणी तपासलं नाही, आपल्याकडे रोजच्या कामात तसं कुणी तपासत नाही आणि तपासलं असतं तरी इलाज बदलला नसता.

चांदी

बांडीचा ताप उतरत असतानाच चांदीच्या पुढच्या डाव्या सडात कण्या आल्या. ती व्यालेली बांडीच्या आधी, त्याच शेडात, त्याच भुशावर. ताप १०२.८, खात होती, रवंथ चालू, सड थोडा कडक एवढंच. थोरल्याचं म्हणणं, तिलापण तेच सलाईन, तेच इंजेक्शन, एकदमच सगळं. घाबरलेला होता, समजू शकतो.

इथं उलटा निर्णय घेतला. नमुना घेतला, मेलोक्सिकॅम दिलं, अँटिबायोटिक अजिबात नाही, पण अट अशी की सकाळ-संध्याकाळ ताप मोजून मला कळवायचा आणि खाणं कमी झालं तर तासाभरात फोन. दुसऱ्या दिवशी रिपोर्टला हिच्यातपण ई. कोलाय. तोवर कण्या कमी झालेल्या होत्या. तरीसुद्धा थांबलो. पाच दिवसांत दूध नितळ झालं, सीएमटीला, म्हणजे गोठ्यातच करायच्या दुधाच्या दगडी चाचणीला, थोडा चिकटपणा राहिला तो पुढच्या दोन आठवड्यांत गेला, आणि परत नमुना लावला तर काही उगवलं नाही.

चांदीची केस माझ्या दृष्टीनं बांडीपेक्षा जास्त बोलकी आहे. तिला गोचीड ताप नव्हता, रक्त चांगलं होतं, लोहाचं इंजेक्शन कधीच टोचलेलं नव्हतं. तरी तोच जंतू, त्याच आठवड्यात. दोघींमध्ये सारखं काय होतं, तर ते आतल्या बाजूचं शेड आणि व्यायचा काळ.

निकाल

बांडी वाचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाऱ्याला तोंड लावलं, चौथ्या दिवशी खुराक संपवला. मागचा उजवा सड मात्र या वेतापुरता गेला, त्यातून दूध म्हणावं असं परत आलं नाही. तीन सडांवर ती १५ लिटरपर्यंत पोचली. शेजाऱ्यांनी विकून टाका म्हणून सांगितलं, आबांनी ठेवली, आणि मी पण ठेवाच म्हटलं कारण कोलायमध्ये गेलेला सड पुढच्या वेताला बऱ्याचदा परत चालू होतो. स्टॅफ असता तर मी वेगळं बोललो असतो.

रक्ताचं म्हणाल तर त्यानंतर लोहाचं एकही इंजेक्शन न देता, पेंड आणि सरकी नीट चालू ठेवून, सहा आठवड्यांनी पीसीव्ही २७ आला. फ्रीजच्या दारातलं ते इंजेक्शन थोरल्यानं स्वतःच मेडिकलला परत केलं, पैसे मिळाले नाहीत.

गावात मात्र उलटीच गोष्ट पसरली. "आयर्न टोचलं की दगडी होते, डॉक्टरनंच थांबवलं." हे मी कुठंही म्हटलेलं नाही. बांडीला आधी दिलेल्या एका इंजेक्शनानं दगडी झाली असं सांगायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि चांदी तर त्या उलटच सांगते. जे म्हटलं ते इतकंच की ताप चढलेल्या, जंतूनं पछाडलेल्या जनावराला त्या वेळी लोह टोचू नका. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे पण पारावर दुसरं वाक्य टिकत नाही.

परत अशी वेळ आली तर

लोहापाशी खरं म्हणजे आपल्याला फार काही करता येत नाही. सायट्रेट आणि लॅक्टोफेरिनचं प्रमाण गाय ठरवते. कोलायची ती लोहाची वाट लसीनं अडवता येईल का हे अमेरिकेत करून बघितलंय, सायट्रेटवालं लोह आत घेणाऱ्या प्रथिनाविरुद्ध लस दिली, गाईंनी अँटीबॉडी बनवल्या, पण दगडीच्या जोरात फारसा फरक पडला नाही. क्लेब्सिएला या दगडी करणाऱ्या दुसऱ्या जंतूसाठी सिडेरोफोर आत घेणाऱ्या प्रथिनांची लस तिकडं बाजारात आहे. आपल्या शेतकऱ्याच्या हातात आज काय आहे, तर जंतूला सडापर्यंत पोचू न देणं, आणि तेही व्यायच्या आधीच.

कारण ब्रिटनमधल्या गोठ्यांवरच्या अभ्यासांत व्यायल्यानंतरच्या पहिल्या १०० दिवसांतल्या कोलाय दगडीपैकी निम्म्याच्या आसपास केसेसमध्ये जंतू आटलेल्या काळातच शिरलेला निघाला. तो आत बसून राहतो, लॅक्टोफेरिन उतरलं आणि सायट्रेट चढलं की उठतो. म्हणून व्यायच्या आधीचे शेवटचे पंधरा दिवस सगळ्यात महत्त्वाचे, आणि आमच्याकडे नेमकं त्याच गाईला सगळ्यात आतल्या कोपऱ्यात बांधतात, दूध देत नाही म्हणून. पुराच्या गडबडीत आबांनी दुभत्या गाईंना दाराजवळची वाऱ्याची जागा दिली, गाभण आत. उलटं करायला पाहिजे होतं. लाकडाचा भुसा ओल्या जमिनीवर तर नकोच, त्यात कोलाय आणि क्लेब्सिएला दोन्ही भराभर वाढतात. भुसा सोडून दुसरं काही मिळत नसेल तर रोज गाईच्या मागच्या बाजूचा उचलून नवीन टाकायचा आणि वर थोडा चुना. खरं तर कोरडा मुरूम किंवा वाळू बरी.

दुसरं, गोचीड तापातून उठलेल्या गाभण गाईचं रक्त दर दोन आठवड्यांनी तपासायचं आणि आकडा वर जातोय की खाली एवढंच बघायचं. वर जात असेल तर सुई उचलायची नाही. खाली जात असेल तर आधी कारण शोधायचं, गोचीड, जंत, की थायलेरिया परत. लोह द्यायचंच असेल तर गाय तापात नसताना, आणि कारण सापडल्यावर.

तिसरं, नमुना. त्या दिवशी नमुना घेतला म्हणून चांदीच्या वेळी थांबायची हिंमत झाली, नाहीतर दोघींनाही तेच औषध गेलं असतं. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, जिल्ह्यातपण सोय होते, बर्फातला नमुना पोचवायला एक माणूस आणि मोटारसायकल लागते. डेअरीच्या गाडीबरोबर पाठवायची व्यवस्था झाली तर आणखी बरं, त्याबद्दल बोलणं चालू आहे.

आबांनी यंदा मे महिन्याच्या शेवटी पाहुण्यांच्या शेडात स्वतःच्या खर्चानं मुरूम टाकून घेतलाय आणि दाराजवळ दोन गाभण गाईंपुरती जागा बांबूनं वेगळी केलीय. गाय आटवताना सडात भरायच्या सीलंटचा खर्च मात्र त्यांना अजून पटलेला नाही, थोरल्याला पटलाय, आणि आटवायची पुढची गाय सप्टेंबरात आहे.